मडकं, पाला, शेंगा सगळं आमच्याकडून, मॅडम!

आधी आकडा सांगून टाकते: 38,999 रुपये. त्यातले 29,000 माझे आणि 9,999 दादाचे. मी 22 वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी करतेय. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढायचा पगार मिळतो मला. तरी बंगल्याच्या खोट्या बुकिंगमध्ये फसले. म्हणून हे लिहितेय, विशेषतः ज्यांना आपण फसणाऱ्यांतले नाही असं वाटतं त्यांच्यासाठी. मलाही तसंच वाटायचं.

जानेवारीत बाबांची पंच्याहत्तरी होती. हॉल नको, फेटे नकोत, भाषणं तर नकोतच. "पोपटी करा, बास," म्हणाले. बाबांचं लहानपण पेणजवळच्या खेड्यातलं. घर केव्हाच विकलं गेलं, भाऊबंद मुंबई-ठाण्यात पांगले, पण थंडीत शेतात लागायची ती पोपटी त्यांच्या जिभेवरून गेलेली नाही. रायगड जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधे केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, अंडी, बटाटे. वर पुन्हा शेंगा आणि तोंडाला पाल्याचा गच्च बोळा. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही, जे काही शिजतं ते त्या पाल्याच्या वाफेवर. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं, ते चर्रकन उडून गेलं की झाली. हे काही डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये होत नाही. अंगण पाहिजे, विस्तव पेटवायला परवानगी पाहिजे आणि 14 माणसांना झोपायला जागा पाहिजे. म्हणून अलिबागजवळ नागावला एखादा बंगला एका रात्रीसाठी घ्यायचं ठरलं.

सोशल मीडियावर एका बंगल्याचं पान सापडलं. नारळ-पोफळीची वाडी, पुढे ओटा, मागे छोटा तलाव, संध्याकाळच्या दिव्यांचे व्हिडिओ. नकाशावर शोधलं तर तिथेही बंगला होता, कौतुकाचे अभिप्राय होते आणि खाली तोच फोन नंबर होता. दोन ठिकाणी एकच नंबर दिसल्यावर माझी खात्री पटली. नकाशावर कुणीही नवी खूण टाकू शकतो, असलेल्या जागेचा नंबर बदलून सुचवू शकतो, हे मला नंतर कळलं.

फोनवरचा माणूस अतिशय गोड. घाई नाही, आग्रह नाही. शनिवारची रात्र 22,000, निम्मे आधी. मी विचारलं, पोपटी करता येईल का? म्हणाला, का नाही, आमच्याकडे सगळेच करतात. भांबुर्डा मिळेल का विचारलं. "भांबुर्डा मिळेल ना मॅडम. मडकं, पाला, शेंगा सगळं आमच्याकडून. चिकन तेवढं तुम्ही आणा." भांबुर्डा हा शब्द त्याच्या तोंडून आला आणि मी विरघळले. वाटलं, चला, तिथलाच माणूस आहे.

आता ते चॅट काढून वाचते तेव्हा दिसतं की भांबुर्डा हा शब्द आधी मी लिहिला होता. उपडं मडकं मी लिहिलं होतं. तो माझेच शब्द मला परत देत होता. स्वतःहून तो फक्त एक वाक्य बोलला, आणि तिथेच उघडा पडला होता: "शेंगा कुठल्या लागतील मॅडम, चवळीच्या?" अलिबागकडचा माणूस झोपेतसुद्धा असं विचारणार नाही. मी हसले आणि त्याला समजावून सांगितलं, अहो, पोपटीला वालाच्या शेंगा लागतात.

मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत, हे मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. बंगला व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हटलं. तर तिथे पाहुणे उतरलेत, त्यांच्या बायका-मुलं पाण्यात आहेत, बरं दिसत नाही म्हणाला, आणि एक व्हिडिओ पाठवला. मला ते सभ्यपणाचं वाटलं. मालकाचा पुरावा मागितला, त्यानं आधारकार्डाचा फोटो पाठवला. पन्नाशीचे गृहस्थ, पत्ता सातारा जिल्ह्यातला. मूळचे तिकडचे असतील म्हटलं. लोकेशन मागितलं, तेही आलं आणि अगदी बरोबर बंगल्यावर पडलं. म्हणजे तपासलं सगळं, पण जे तपासलं ते त्यानंच हातात ठेवलेलं. नागावातल्या एखाद्या किराणा दुकानाचा नंबर शोधून "हो, त्या बंगल्याचं बुकिंग कोण बघतं?" एवढं विचारायला पाच मिनिटं लागली असती. शेजारच्या टेबलावरची मुलगी तर चौलची, दर पंधरा दिवसांनी नागाववरून जाते. तिला विचारलं नाही. तिला कळलं असतं तर तिलाही यायचं झालं असतं, आणि माणसं आधीच 14 होती. खरं कारण हे.

पैसे असे गेले. बारा दिवस आधी 11,000. पाठवताना अ‍ॅपवर एका बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे मॅडम, टॅक्सचं तुम्हाला माहीतच आहे," म्हणाला, आणि मी समजूतदारपणे हसले. दोन दिवसांनी डिपॉझिट 5,000, निघताना परत मिळणार म्हणून. ते एका पुरुषाच्या नावावर. मडकं-शेंगांचे 3,000 पुन्हा त्याच खात्यात. शुक्रवारी फोन आला, उरलेले आजच दिलेत तर हजार कमी करतो. 10,000 गेले, ते कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाच्या नावावर. एका बंगल्यासाठी तीन नावं. ऑफिसात एखाद्या पार्टीनं असं केलं असतं तर मी फाईल महिनाभर अडवून ठेवली असती. अ‍ॅपवर पैसे जाण्याआधी दिसतं ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. तेवढी एकच गोष्ट अशी होती की जी त्यानं मला दिलेली नव्हती, आणि मी नेमकी तीच सोडून दिली.

मधे एकदा त्यानं पोलिसांच्या नोंदीसाठी सगळ्यांची आधारकार्डं मागितली. हॉटेलात देतोच की आपण. मी आई-बाबांपासून भाच्यापर्यंत 14 कार्डांचे फोटो काढले आणि पाठवून दिले. सगळे आकडे दिसत होते. शेवटचे चारच आकडे दिसतील असं आधारही काढून मिळतं, ते मला माहीत होतं. कंटाळा केला.

शनिवारी दोन गाड्या काढून निघालो. आइसबॉक्समध्ये आदल्या रात्रीपासून मसाल्यात मुरलेलं चार किलो चिकन, तीस अंडी, केळीची पानं. पोयनाडच्या पुढे दादानं रस्त्याकडेला दोन किलो वालाच्या शेंगा घेतल्या. मी म्हटलं, अरे तिकडे आहेत. तो म्हणाला, असू दे. कार्लेखिंडीत मी त्या माणसाला फोन केला. उचलला. "या या, केअरटेकर फाटकावर उभा आहे."

फाटकावर केअरटेकर खरंच उभा होता, पण दुसऱ्याच पाहुण्यांच्या गाड्या आत घेत होता. अंगणात पोरं बॅडमिंटन खेळत होती, ओट्यावर कुणीतरी स्पीकर लावला होता. व्हिडिओतलाच ओटा. मी नाव सांगितलं, बुकिंगचा मेसेज दाखवला. त्यानं मोबाइल हातातही घेतला नाही. "ताई, या महिन्यातले तुम्ही तिसरे," म्हणाला आणि बॅटरी फाटकाच्या खांबावर मारली. नवाकोरा फ्लेक्स होता: बुकिंग फक्त मालकाच्या खालील नंबरवर, इतर कुणाला पैसे देऊ नयेत. खालचा नंबर निराळा. डोंबिवलीहून निघून फाटकाशी पोचल्यावर वाचायला मिळणारी सूचना!

त्या माणसाला पुन्हा फोन लावला. उचलला, हे विशेष. "सॉरी मॅडम, डबल बुकिंग झालं, ऑफिसची चूक. आत्ता पूर्ण रिफंड टाकतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा." मी ओरडले, पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही! पण दादानं माझा फोन काढून घेतला होता. मागे गाड्यांचे हॉर्न, गाडीत बसून राहिलेले बाबा, रडणारा भाचा. दादाच्या फोनवर तो क्यूआर आला, त्यानं स्कॅन केला, आणि पिन मागितल्यावर अंधारात पिनही दाबला. 9,999 गेले. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे दादालाही माहीत होतं. शांतपणे घरी विचारलं असतं तर त्यानंच मला शिकवलं असतं.

तिथल्या तिथे 1930 लावला. सायबर फसवणुकीचा हा सरकारी नंबर. त्यांनी रक्कम, वेळ, बँक आणि बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर विचारला. यूटीआर अ‍ॅपच्या व्यवहार तपशिलात असतो, शोधायला लागलो तर मिनिटं जातात, म्हणून तो कुठे असतो ते आज बघून ठेवा. दादाची तक्रार वीस मिनिटांत गेली आणि त्याचे पैसे पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते परत मिळायला न्यायालयात अर्ज करावा लागेल असं तेव्हा सांगितलं होतं, प्रकरण चालू आहे. माझे पहिले 11,000 बारा दिवसांत तीन खाती फिरून एटीएममधून निघूनही गेले होते. ज्या बाईचं नाव मला दिसलं होतं तिनं खातं कमिशनवर वापरायला दिलं होतं म्हणे.

त्या रात्री केअरटेकरनं ओळखीतल्या एका घरी दोन खोल्या मिळवून दिल्या, 6,000 रोख. तिथे मडकं नव्हतं, पाला नव्हता, विस्तवाला जागा नव्हती. वहिनीनं चिकनचा रस्सा केला आणि दादाच्या त्या दोन किलो शेंगा मीठ-ओवा घालून कुकरला लावल्या. बाबा साडेदहाला जेवायला बसले. एक शेंग सोलली, खाल्ली, "बरं झालंय" म्हणाले. मला त्या 29,000 पेक्षा ते "बरं झालंय" जास्त लागलं.

सोमवारी पोलीस ठाण्यात गेले तर एक जण म्हणाला, अलिबागला जा, प्रकार तिकडचा. हे ऐकून परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. मी एवढं म्हटल्यावर आतल्या साहेबांनी बोलावलं. न्याय संहितेचं 318(4), म्हणजे जुनं 420, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी, म्हणजे ऑनलाइन तोतयेगिरीचं कलम, लागलं. चॅट पुसलं नव्हतं म्हणून बरं. रागाच्या भरात त्या माणसाला ब्लॉक करून सगळं उडवणार होते, नवऱ्यानं हात धरला.

आधारकार्डांचं मात्र माझ्या डोक्यात आठवडाभरानं आलं. साताऱ्याचे ते पन्नाशीचे गृहस्थ मालक नव्हतेच. ते माझ्यासारखेच कुणीतरी असणार, शनिवारच्या बुकिंगसाठी कार्ड पाठवून बसलेले. धावत सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलं. पाठवलेले कार्डांचे फोटो काही लॉक होत नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी आई-बाबांच्या दारावरची बेल वाजली. बाहेर एक नवरा-बायको, नाशिकहून आलेले. हातात कागद, त्यावर बाबांच्या आधारकार्डाची प्रत. तोच फोटो, एक डोळा अर्धा मिटलेला. मुलीच्या केळवणासाठी नागावचा बंगला घेतला होता, 17,000 भरले होते, फाटकावरून परत फिरले होते, आणि कार्डावरच्या पत्त्यावर मालकाला जाब विचारायला आले होते. बाबांनी त्यांना आत घेतलं, माझ्या तक्रारीची प्रत दाखवली, आईला चहा टाकायला सांगितला आणि मला फोन लावला. मी पोचेपर्यंत ते गृहस्थ बरेच निवळले होते.

"आम्ही तर साधं जेवणच ठरवलं होतं," ते म्हणाले. "पोपटीचं त्यांनीच सुचवलं. भांबुर्ड्याचा पाला आमच्याकडून, म्हणाले. आम्हाला तो शब्दही माहीत नव्हता. आणि शेंगा वालाच्याच लागतात, चवळीच्या चालत नाहीत, हे तर त्यांनी दोनदा सांगितलं."