नीडेबल इरेजर: चूक पुसण्याआधी फिकी करणारा रबर

कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घासून पुसतो. नीडेबल इरेजर हा राखाडी, कणकेसारखा मळता येणारा रबर कागदावरचं ग्राफाइट स्वतःला चिकटवून उचलतो. सवयीने घासला की काळपट फराटा उठतो आणि लोक रबरालाच नावं ठेवतात.

नवा तुकडा थोडा कडक असतो. दोनेक मिनिटं ताणून-दुमडून मळा आणि हरभऱ्याएवढा भाग तोडा. तो रेघेवर टेकवा, दाबा, सरळ वर उचला. काळी झालेली बाजू आत दुमडा आणि पुन्हा टिपा.

खरी गंमत तांब्या काढताना कळते. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्राची तयारी करणारी मुलं डावीकडे फुगलेलं पोट आधी खसाखसा पुसतात आणि पुन्हा तेवढंच फुगवतात, कारण कुठे चुकलं त्याची खूणच उरलेली नसते. त्याऐवजी ती रेघ तीन-चार वेळा टिपून जेमतेम दिसेल इतकी ठेवा. मधोमध उभा अक्ष आखा, उजव्या कडेपर्यंतचं अंतर पेन्सिलीवर अंगठ्याने धरून डावीकडे खूण करा, नवी रेघ जुनीच्या आतून न्या. जुनी उचलायची ती यानंतर. तोंडाच्या लंबगोलाची टोकं अणकुचीदार झाली असतील तर तीही याच क्रमाने गोलवा. तांब्या नजरेच्या खाली ठेवलेला असेल तर बूड सरळ रेघेत कधीच येत नाही. त्याचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्तच असतो.

दाबून ओढलेल्या एचबी पेन्सिलीच्या रेघेपुढे मात्र हा रबर हात टेकतो. ग्राफाइट निघतं, पण कागदात पडलेला चर राहतो आणि शेडिंग केलं की तिथे पांढरी रेघ उमटते. म्हणून कच्चं रेखाटन त्याहून मऊ २बीने, हलक्या हाताने. ६बीचा गच्च काळा भाग पूर्ण उजळत नाही, तिथे साधा नॉन-डस्ट रबर लागतोच. मेणट रंगीत पेन्सिलींवर फारसा उपयोग नाही. कोळशावर मात्र झकास.

उजेड काढायलाही हा हवाच. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचं पाणी आधी सगळं करडं भरा, रबराला चिमटीत धार काढा आणि आडवे टिपत जा. लाटांवरची चमक येते.

सोलापूरचा मे महिना याला मानवत नाही. पारा चाळिशीपार गेला की रबर लिबलिबीत होतो, पाऊचमधली धूळ-दोरे ओढून घेतो. फेबर-कास्टेलचा प्लास्टिकच्या डबीत येतो, त्यामुळे इथे तोच सोयीचा. शेंगाचटणीच्या बोटांनी तर मळूच नका: तेल रबरातून कागदावर उतरतं आणि त्या डागावर शेडिंग एकसारखं बसत नाही.

धुऊन हा साफ होत नाही. मळूनही काळाच राहून कागदावर ठसे सोडू लागला की टाकायचा. घेताना वेष्टनावरूनच दाबून पाहा, दगडासारखा लागला तर माल जुना आहे.