एचआरची वर्षभराची उमेदवारी: चाकण की हिंजवडी?

पुण्यात एचआर शिकणाऱ्यासमोर ढोबळमानाने दोन वाटा असतात: चाकणचा कारखाना नाहीतर हिंजवडीतली आयटी कंपनी. मी चाकणला होतो, माझी मैत्रीण हिंजवडीला.

तिचं सगळं काम लॅपटॉपवर. सीव्ही चाळायचे, मुलाखतींच्या वेळा जुळवायच्या, ऑफर स्वीकारलेला उमेदवार रुजू होईपर्यंत त्याला फोन करत राहायचं. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असला की मधल्या काळात तो दुसरी ऑफर शोधतोच! एसी, कंपनीची बस, एक्सेलवर हात बसतो. भरतीपलीकडचं मात्र तिला फारसं बघायला मिळालं नाही.

कारखान्यात पहिल्या पाळीला गेटवरच काम सुरू. कंत्राटी कामगारांची हजेरी जुळवायची. पंचिंग एक सांगतं, सुपरवायझरचं रजिस्टर दुसरंच. ओव्हरटाइम दुप्पट दराने, त्यामुळे दोन तासांचा फरकही कुणी सोडत नाही. का सोडावा? ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) गणित, म्हणजे पगाराच्या हिशेबाने कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25, कॉलेजात पाठ केलं होतं. पण पगार ईएसआयच्या 21,000च्या मर्यादेवर गेलेल्या एक मावशी टेबलासमोर येऊन म्हणाल्या, "साहेब, माझं कार्ड आता बंद का?" चालू सहामाही संपेपर्यंत कपातही होते आणि लाभही मिळतो, हे मला नीट कळलं ते त्यांना समजावताना.

भरतीतच करिअर करायचं तर हिंजवडी बरी. कामगार कायद्यात, युनियनच्या वाटाघाटींत रस असेल तर डोळे झाकून चाकण. फक्त नाशिक रस्त्याची कोंडी धरून घरातून निघा.