नाताळच्या भेटी: लगाम रकमेला लावावा की नगांना?

दिवाळी उरकली की ख्रिस्ती घरांत नाताळच्या खर्चाचा हिशेब सुरू होतो. कपडे, केक, गोडाधोडाचे जिन्नस, गोठा, चांदणी यांचा आकडा दरवर्षी थोड्याफार फरकाने तोच असतो. घोडे अडते ते मुलांच्या भेटींपाशी. किती खर्च करायचा, आणि तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून लगाम कशाला लावायचा?

लगाम दोन ठिकाणी लावता येतो. एक तर दर मुलामागे रक्कम ठरवायची: समजा तीन हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. नाहीतर नग ठरवायचे: प्रत्येकाला तीन भेटी, कोणाची स्वस्त, कोणाची महाग. तीनच का, असे मुले विचारतातच. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस दिला, म्हणून तीन. हे उत्तर मुलांना पटते आणि पुढची घासाघीस टळते, हा या आकड्याचा मोठाच फायदा.

दोन्ही पद्धती आमच्या घरी वापरून झाल्या आहेत. प्रत्येक घराची मिळकत आणि मुलांचा स्वभाव वेगळा, त्यामुळे हाच शेवटचा शब्द असे मी म्हणणार नाही. माझा कल मात्र नगांकडे आहे. त्यामागे मुख्यतः एकच कटकट आहे, तिच्याकडे येतोच.

आधी काय मोजायचे नाही ते

नवे कपडे भेटीत धरू नयेत. ते सणाच्या खर्चात जातात. शिंप्याकडे शिवायचे असतील तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच कापड द्यावे लागते, म्हणजे तो खर्च डिसेंबरच्या आत होऊनही गेलेला असतो. शिवाय कपडे घरात सगळ्यांनाच होतात, त्यामुळे मुलाला ती आपली खास भेट वाटत नाही. कपडे हिशेबात घुसले की दोन्ही पद्धती कोलमडतात, कारण मोठ्या मुलाच्या जीन्सची आणि धाकटीच्या फ्रॉकची किंमत कधीच जुळत नाही.

घरात सगळ्यांनी मिळून वापरायची वस्तूही वेगळी काढावी. कॅरम हे त्याचे चांगले उदाहरण. चार मिलिमीटर प्लायचा बोर्ड स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो. पण पावसाळा गेला की तो मध्ये दबतो, सोंगट्या मध्याकडे घरंगळतात आणि कडेला आपटलेला स्ट्रायकर जेमतेम मधोमध परत येतो. घरच्या खेळासाठी किमान आठ मिलिमीटरचा बोर्ड, आतला चौरस २९ इंचांचा, आणि कडांना चांगले लाकूड असलेला बघावा. एवढा बोर्ड एका मुलाच्या रकमेत बसवायला गेले तर दुसरे काही घेता येत नाही. तो घराच्या नावावरच घ्यावा.

रकमेची मर्यादा

हिची बाजू भक्कम आहे. पगार ठरलेला, हप्ते ठरलेले, आणि जानेवारीत शाळेच्या सहलीचे पैसे भरायचेच असतात. रक्कम ठरली की दुकानात उभे राहून ठरवण्यासारखे फार उरत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ती उघड सांगताही येते. तीन हजारांत काय बसते हे तो स्वतः ऑनलाइन पाहून ठरवतो, आणि किमतीची जाण येते ती वेगळीच. कोणाला झुकते माप दिले या तक्रारीलाही जागा राहत नाही, निदान कागदावर.

एक पथ्य पाळावे लागते: वस्तूची नव्हे, तर ती वापरायला लागेपर्यंतच्या सगळ्या खर्चाची रक्कम धरायची. सायकल घ्या. हेल्मेट, कुलूप, घंटा आणि लहान मुलासाठी बाजूची दोन चाके हे सगळे छापील किमतीच्या वर जाते. ऑनलाइन मागवली तर ती बहुधा अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचे चाक, सीट आणि पायडल आपण बसवायची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीसारखे उजवीकडे पिळून जोर लावला की क्रँकचे आटे मारले जातात आणि दुरुस्तीचा भुर्दंड पडतो. पायडलवरचे ‘एल’ आणि ‘आर’ पाहून, आधी हाताने दोन-तीन वेढे बसवून मगच पान्हा लावावा. आणखी काही वर्षे चालेल म्हणून एक माप मोठी सायकल घेणेही महागात पडते: १६ इंची चाक साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलाचे, त्याला २० इंची दिली तर पाय टेकत नाहीत, पोर घाबरते आणि सायकल जिन्याखाली उभी राहते.

रक्कम पुरत नाही म्हणून ‘नो कॉस्ट ईएमआय’कडे वळताना खालची बारीक अक्षरे वाचावीत. व्याजाइतकी सूट दुकानदार देतो हे खरे, पण बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा आपल्याच खात्यातून जातो.

आता ती कटकट. समजा दोन मुले आहेत, एक अकरा वर्षांचा, एक पाच वर्षांची, आणि दोघांना तीन-तीन हजार. मोठ्याचे फुटबॉलचे बूट १,९००, चेंडू ७००, शिनगार्ड ४००. हिशेब जुळला. धाकटीचा ठोकळ्यांचा संच १,६००, चित्रांचे कोडे ५००, पुस्तक २५०. झाले २,३५०, आणि तिला याहून काही नकोही आहे. उरले ६५०. रक्कम समान ठेवायची म्हणून हे साडेसहाशे आता कशात तरी घालायचे असतात, आणि ते घातले जातात २२-२३ डिसेंबरला, क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा आपल्या स्टेशनबाहेरच्या गर्दीत, जे समोर लटकलेले दिसेल त्यात.

या भरतीच्या मालाची गत ठरलेली असते. रिमोटची स्वस्त गाडी घेतली तर गाडीला आणि रिमोटला मिळून पाच-सहा सेल लागतात आणि खोक्यात एकही नसतो. साध्या झिंक-कार्बन सेलवर ती थोड्याच वेळात रखडते, अल्कलाइन सेल आणायला पुन्हा दुकान. अशा गाड्या बऱ्याचदा २७ मेगाहर्ट्झवर चालतात. भावंडांना एकसारख्या दोन घेतल्या तर एकाच्या रिमोटवर दोन्ही पळतात आणि २५ तारखेच्या सकाळीच रडारड होते. खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेले असेल तरच जोडीने घ्याव्यात. घासून सोडायच्या गाडीचे आतले प्लॅस्टिकचे दाते झिजले की ती नुसती घरघरते. स्लाइमचा डबा सोफ्यात किंवा केसांत जातो. पांढरे व्हिनेगर चोळून कोमट पाण्याने धुतले की निघतो, पण सोफ्यावर डाग राहू शकतो.

पैसे वाया जातात तेवढ्यावरही हे थांबत नाही. जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खोक्यावर चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहता येतो. बेतून घेतलेल्या खेळण्याचे आपण हे सगळे बघतो. शेवटच्या क्षणी उचललेल्या दिव्याच्या भोवऱ्याचे कोणी बघत नाही, आणि बटण सेलचे झाकण स्क्रूविना नुसते दाबून बसवलेले असते ते नेमके अशाच वस्तूंत. तसा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजू शकते. तशी शंकाही आली तर थांबायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे.

ज्या समानतेसाठी हा खटाटोप, ती धाकटीला दिसतही नाही. माझ्या पाहण्यात सात-आठ वर्षांपर्यंतची मुले रुपये मोजत नाहीत, पुड्या मोजतात. दादाला तीन आणि मला दोन, एवढेच तिला कळते. किंमत कळते ती मोठ्याला, आणि त्याला नीट समजावून सांगता येते.

नगांची मर्यादा

नग ठरवले की भरतीचा माल आपोआप बंद होतो, कारण उरलेले असे काही नसतेच. धाकटीच्या तीन वस्तू २,३५० मध्ये झाल्या तर झाल्या, साडेसहाशे खिशात राहतात. तीन जागांची वाटणीही आधी करून ठेवता येते: एक मुलाने मागितलेली, एक वर्षभर वापरात राहील अशी, एक पुस्तक. पुस्तकाची जागा पक्की ठेवावी. मराठी बालपुस्तके खेळण्यांच्या मानाने स्वस्त असतात, त्यामुळे मोठ्या वस्तूचा भार हलका होतो.

नातेवाइकांच्या बाबतीत तर ही पद्धत फारच सोयीची पडते. वसईत आणि गोव्यात आखातातून येणारे काका-मामा असतात, शिवाय धर्मपिता-धर्ममाता आणि आजी-आजोबा. ‘आमचे बजेट तीन हजार आहे, तुमचे त्यात धरतो’ असे कोणाला सांगता येत नाही. पण ‘आत्या, पुस्तकाची जागा तुमच्याकडे’ असे सांगितले तर आत्यालाही बरे वाटते आणि एकच ठोकळ्यांचा संच दोनदा येत नाही. परदेशातल्या मराठी घरांत, जिथे झाडाखालच्या भेटींखेरीज मोजाही टांगला जातो, तिथे मोज्यातला सगळा खाऊ-खेळ मिळून एक नग धरावा. तसे केले नाही तर लगाम मोज्यातूनच सुटतो.

या पद्धतीतही भोके आहेत. नगाला किमतीची अट नसल्याने एखाद्या वर्षी तिसऱ्या जागेवर टॅब्लेट येऊन बसतो. म्हणून तिन्हींतली एकच मोठी, आणि सगळ्या मुलांची मिळून घराची एक वरची रेषा, एवढे दोन खिळे ठोकून ठेवावे लागतात. ही रेषा मुलांना सांगायची नाही आणि गाठायचीही नाही. ती फक्त ओलांडायची नाही. दुसरे भोक संचाचे. मुलगा हुशार असेल तर रॅकेट, शटल, बॅग आणि बूट हा ‘एकच सेट’ आहे असे पटवून देतो. जे एकमेकांशिवाय वापरता येत नाही ते एक, असा नियम धरला तर रॅकेट आणि शटल एकत्र, सायकल, हेल्मेट आणि कुलूप एकत्र, बूट मात्र वेगळे.

मुलांच्या वयात मोठे अंतर असेल तर मोठ्याचा खर्च धाकट्याच्या दुपटीपर्यंत जातो. तो जाऊ द्यावा. चार-पाच वर्षांनी वर्गातून आणि मित्रांकडून धाकट्याच्याही मागण्या त्याच किमतीच्या होतात, तेव्हा भरपाई होते. पुड्या मात्र मोजून सारख्या बांधाव्यात.

कोणाला काय जमेल

घराबाहेरच्या मुलांसाठी रकमेची मर्यादाच योग्य. शाळेत किंवा सोसायटीत सीक्रेट सांता असतो तिथे दोनशे-तीनशेची अट सगळ्यांनी पाळावी, तिथे नगांचा काही उपयोग नाही. एकच मूल असेल तर तुलनेचा प्रश्नच येत नाही, रक्कम ठरवलेली बरी. पंधरा-सोळाच्या मुलाला एकच फोन किंवा गिटार हवी असते, त्याच्याशीही रकमेचीच भाषा बोलावी, आणि वरचे पैसे त्याने साठवलेल्यातून घालावेत. हातात पैसा कमी असेल अशा वर्षीही आधी रक्कम, मग नग.

दोन किंवा अधिक मुले, त्यांतले एखादे आठाच्या आतले, आणि भेटी पाठवणारे नातेवाईक बरेच, असे घर असेल तर मी नगांकडेच बोट दाखवेन.

यंदा किमतींचा अंदाज बांधताना जुना आकडा धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली, बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळणी, कॅरम आणि बुद्धिबळ यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर तो १८ टक्केच आहे. मोठी वस्तू नोव्हेंबरच्या अखेरीस घ्यावी, म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली पळापळ टळते आणि खराब निघाली तर बदलायला वेळ राहतो. बिल जपून ठेवा, खोके फाडू नका, आणि चार्जिंगची वस्तू २४ तारखेला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघण्याआधीच चार्जिंगला लावून एकदा चालवून पाहा.