जेलो : अ‍ॅप फुकट, मराठीही बोलतं, पण ‘थांब’ कुठंय?

न बोलणाऱ्या मुलासाठी एएसीचं, म्हणजे चित्रं दाखवून किंवा बटणं दाबून बोलण्याचं नाव काढलं की घरातली आजी हमखास विचारते, “बटणं दाबायची सवय लागली तर पोर बोलेल कशाला?” 2006 साली झालेल्या एका संशोधन-आढाव्यात ज्या 27 जणांच्या नोंदी भरवशाच्या ठरल्या, त्यांत एकाचंही बोलणं एएसीमुळे घटलेलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. आजींना एवढं सांगून अ‍ॅपकडे वळू.

जेलो हे असंच एएसीचं अ‍ॅप, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात तयार झालं. मधोमध चित्रांचे नऊ चौकोन (खाणं, खेळ, माणसं, जागा, मदत वगैरे) आणि दोन्ही कडांना मिळून सहा कायमची बटणं: आवडतं-नावडतं, हो-नाही, अजून-कमी. जेलोची खरी कमाई ही सहा बटणं. मूल कुठल्याही पानावर गेलं तरी ती जागची हलत नाहीत, त्यामुळे अंधारात दिव्याचं बटण सापडावं तशी हाताला पाठ होतात. एकच बटण लागोपाठ दोनदा दाबलं की वाक्य आणखी जोर लावून येतं. हट्टी पोरांना हे फार लवकर कळतं.

अँड्रॉइडवर आवाज आला नाही, तर लगेच अ‍ॅपला दोष देऊ नका. सेटिंगमधल्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये गूगलचं इंजिन निवडून मराठी आवाज वेगळा डाउनलोड करावा लागतो. फोनवर चौकोन बारीक पडतात, 8 इंची टॅब बरा. स्क्रीन पिन करून, म्हणजे जेलोवरच अडकवून ठेवा, नाहीतर मूल दोन मिनिटांत अ‍ॅपबाहेर पडतं. त्याच टॅबवर कार्टून नकोत: मग तो खेळणं होतो, आणि कार्टून बंद करायला टॅब काढून घेतला की मुलाची बोलायची सोयही हिरावली जाते.

आता तक्रारी. चौकोन आणि कडेचं बटण मिळून आयतं वाक्य येतं. तीन वर्षांच्या मुलाला ते सोयीचं, पण ‘पाणी सांडलं’, ‘बाबा गेला’ अशी स्वतःची जोडणी करायची तर वाचता न येणारं मूल अडतं; कीबोर्ड आहे, पण तो लिहिणाऱ्यांसाठी. दुसरी तक्रार मोठी. कायमच्या सहांत ‘थांब’ नाही. झोका जोरात गेला, कुणी गुदगुल्या आवरेना, तर मुलानं काय दाबायचं? ‘कमी’? ‘नाही’? घाबरलेलं मूल शोधत बसत नाही, ते चावतं. आणि मग ‘वागणूक सुधारा’ म्हणून सल्ले सुरू होतात.

म्हणून टॅबसोबत कागदी तक्ता हवाच. ए-फोर आडवा, चार रकाने, तीन ओळी, 6.5 सेंटिमीटरचे बारा चौकोन. कडेची सहा बटणं त्याच बाजूंना ठेवा: पहिल्या रकान्यात तीन, शेवटच्या रकान्यात तीन. मधल्या सहांत थांब, मदत, दुखतंय, शू, घरी आणि मुलाच्या जिवाभावाची एक गोष्ट; द्राक्षं असोत नाहीतर चिवडा. लॅमिनेशन मॅट सांगा, चकचकीत फिल्मवर उन्हात चित्र दिसत नाही. इंकजेटची शाई पुरती वाळू द्या. झेरॉक्सवाले सुबक दिसावं म्हणून कागदाच्या काठालगत कापतात. तिथूनच पाणी शिरतं आणि जुलैपर्यंत तक्त्याचे पापुद्रे सुटतात. चारी बाजूंनी 3 मिलिमीटर फिल्म सोडायला सांगा, कोपरे गोल.

वापरायचं कसं, यातच बहुतेक घरं चुकतात. “दाबून दाखव, सफरचंद कुठंय?” ही परीक्षा झाली. मोठ्यांनी बोलता बोलता स्वतः बटण दाबायचं: चिवडा वाढताना ‘अजून’ दाबा, मुलाच्या ताटात वाढा, मग मनात दहापर्यंत मोजत गप्प बसा. मुलाचा हात धरून दाबायला लावू नका. आठवडेच्या आठवडे मूल नुसतं बघेल, चालेल. त्यानं ‘नाही’ दाबलं तर जिथे ऐकता येईल तिथे ऐका. औषधासारखं टाळता येत नसेल, तर “नको म्हणालास, कळलं” एवढं तरी म्हणा. ‘नाही’ला किंमत मिळाली नाही तर बाकीची बटणंही पडून राहतात.

तीन-चार वर्षांच्या, एएसीची नुकती ओळख होणाऱ्या मुलासाठी जेलो घ्यावं. बटणं सराईतपणे जोडू लागलेल्या मुलाला ते लवकर अपुरं पडेल. तेव्हा एकेक शब्द जोडता येणाऱ्या अ‍ॅपबद्दल थेरपिस्टशी बोला. आणि नाशिकच्या गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात टॅब पिशवीतच राहू द्या: त्या कलकलाटात त्याचा आवाज भाजीवाल्या मावशींपर्यंत पोचत नाही. तिथे तक्ताच पुढे करा. ‘अजून’वरचं बोट मावशींनाही कळतं.