रस्त्यावरचे स्पॅनिश शब्द: एका चित्रपत्त्यांच्या संचाचे परीक्षण

स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकांत रंग, फळे आणि नातीगोती पहिल्या काही धड्यांतच येऊन जातात. पदपथाची कड, गटाराचे झाकण किंवा टपालपेटी यांच्यासाठी मात्र वेगळी शोधाशोध करावी लागते. तेवढ्यासाठीच मी रस्त्यावरील वस्तूंच्या चित्रपत्त्यांचा हा संच घेतला आणि दीड महिना नेमाने वापरला.

संचाची जमेची बाजू म्हणजे त्यातील चित्रे. मराठीत आपण ज्याला सरसकट कोपरा म्हणतो, त्याचे स्पॅनिशमध्ये दोन भाग पडतात: बाहेरून वळसा घालावा लागतो ती ‘एस्किना’ आणि खोलीच्या आत दोन भिंती मिळतात तो ‘रिंकोन’. पत्त्यांवर एकच कोन एकदा बाहेरून आणि एकदा आतून काढला आहे, त्यामुळे व्याख्या वाचण्याची गरजच उरत नाही. प्रत्येक नामाआधी ‘एल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) हे लिंगदर्शक उपपद छापले आहे, हेही योग्यच झाले. कारण रस्ता (‘ला काये’) आणि रस्त्यावरचा दिवा (‘ला फारोला’) ही दोन्ही नामे तिकडे स्त्रीलिंगी आहेत, आणि मराठी कानाला ते सहजी पटत नाही.

खरी उणीव पुढेच आहे. पदपथाच्या चित्राखाली केवळ ‘आथेरा’ हा एकच शब्द आहे आणि तो कोणत्या देशातला, याचा उल्लेख नाही. पदपथाला मेक्सिकोत ‘बांकेता’, अर्जेंटिनात ‘बेरेदा’, तर कोलंबियात ‘आंदेन’ म्हणतात. आणि स्पेनमध्ये हाच ‘आंदेन’ रेल्वेचा फलाट होतो, तर ‘बांकेता’ म्हणजे बिनपाठीचे छोटे आसन. ‘दोन चौक सोडून’ अशा अर्थाने अंतर सांगताना लॅटिन अमेरिकेत ‘क्वाद्रा’ हा शब्द सर्रास चालतो, पण स्पेनमध्ये त्याचा अर्थ तबेला असाही होतो. ध्वनिमुद्रणातही हाच एकदेशीपणा आहे: निवेदक स्पेनच्या पद्धतीने ‘थ’ उच्चारतो, आणि लॅटिन अमेरिकेत तेथे ‘स’ ऐकू येईल, म्हणजे ‘आसेरा’, याची सूचना कुठेही दिलेली नाही. गतिरोधकाचा तर पत्ताच नाही, त्यामुळे अर्जेंटिनातला ‘लोमो दे बुर्रो’, म्हणजे गाढवाची पाठ, हा गमतीदार शब्दही हुकला आहे.

स्पेनला जाणाऱ्याने हा संच आहे तसा घेण्यास हरकत नाही. इतरांनी मात्र जेथे जायचे तेथले शब्द पत्त्यांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून घ्यावेत. माझ्या पदपथाच्या पत्त्यामागे आता चार देशांची नावे आहेत.