खानापूरची सापओळख कार्यशाळा : शिकवणे चोख, कार्ड कच्चे

बिनविषारी कवड्या साप मारायचा आणि ‘कांडर’, म्हणजे विषारी मण्यार, ‘मारली’ म्हणून गावभर सांगायचे, हा प्रकार जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात दर पावसाळ्यात घडतो. उलटे झाले तर मात्र जिवावर बेतते. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गटाने भरवलेल्या दोन दिवसांच्या सापओळख कार्यशाळेला मी गेलो. दोन्ही दिवसांच्या जेवणासह 1,800 रुपये शुल्क होते, आणि सोबत मिळालेल्या कार्डाबद्दलची तक्रार वगळता ते वसूल झाले.

मार्गदर्शकांनी सुरुवात अमेरिकेतील दोन रॅटलस्नेकपासून केली, तेव्हा शेजारचे शेतकरी ‘आमच्या गोठ्यात हे कुठं येतंय?’ असे पुटपुटले आणि मलाही तसेच वाटले. वेस्टर्न डायमंडबॅक आणि मोहावी या दोन्ही जातींच्या पाठीवर चौकटी असतात, दोन्हींच्या शेपटीवर काळ्या-पांढऱ्या कड्या असतात. फरक असा की मोहावीच्या काळ्या कड्या पांढऱ्यांपेक्षा अरुंद असतात आणि तिच्या डोळ्यामागची फिकट रेघ जबड्याच्या कोपऱ्याच्या वरून मागे जाते, तर डायमंडबॅकची रेघ ओठाला येऊन मिळते. रंग मुलुखाप्रमाणे बदलतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही, हा मुद्दा त्यांना पटवायचा होता. तो पटला, पण त्यासाठी पाऊण तास जरा जास्तच झाला.

खरी मजा दुपारी आली. वर्तमानपत्रावर दोन काती शेजारी शेजारी पसरून प्रत्येकाच्या हाती भिंग देण्यात आले. मण्यारीच्या कातीत पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग सरळ शेपटीपर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती, आणि शेपटीखालचे खवले अखंड होते. कवड्याच्या कातीत ती रांग नव्हती आणि शेपटीखालचे खवले दुभागलेले होते. जिवंत सापाजवळ इतके वाकून पाहायला कोण धजेल, ही शंका रास्त आहे; त्याचे उत्तर रात्रीच्या फेरीत मिळाले. भीमगड अभयारण्यात न शिरता गावच्या रस्त्यानेच ही फेरी काढली होती. मोरीच्या कठड्याशी पट्ट्यांचा एक साप दिसताच निम्मे लोक मागे सरले, पण त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक होते आणि शेपटीकडे विरत गेले होते, म्हणजे तो कवड्या होता. मण्यारीचे पट्टे सहसा जोडीजोडीने असतात, डोक्याकडे अस्पष्ट होतात आणि शेपटीकडे उठून दिसतात.

घोणस आणि डुरक्या घोणस, फुरसे आणि मांजऱ्या या जोड्या तासाभरात उरकल्या. चापड्यांचे, म्हणजे पिट व्हायपर सापांचे, सत्र तर फारच घाईत गेले. रॅटलस्नेकप्रमाणेच चापड्याच्याही डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी खाच असते, एवढे सांगून झाले. पण मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत आढळत असताना हिरवा मलबारी आणि बांबूतला हिरवा चापडा वेगळे कसे ओळखावेत, हे राहूनच गेले. चोर्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तेच हवे होते. प्रत्येक सापाचे कन्नड नावही सांगितले, ही मात्र मोठीच सोय झाली, कारण दवाखान्यात ‘घोणस’ म्हटले की नर्सबाई गोंधळतात आणि ‘कोळकुमंडल’ म्हटले की लगेच समजतात. त्याच ओघात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच मिश्र प्रतिविष दिले जाते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ दवडू नये, हेही त्यांनी बजावले.

आता कार्डाविषयी. छायाचित्रांत आकाराचे मान दिलेले नाही आणि मण्यारीचा काळा रंग छपाईत तपकिरी झाला आहे, एवढे चालवून घेता येईल. परंतु ‘तिकोनी डोके म्हणजे विषारी साप’ ही ओळ ठळक अक्षरांत छापणे अक्षम्य आहे, कारण मण्यारीचे डोके मानेइतकेच असते आणि माणसाला धोका नसलेल्या मांजऱ्याचे डोके मात्र मानेहून रुंद असते. दोन दिवस वर्गात जे शिकवले, ते कार्डाने एका ओळीत पुसून टाकले. आयोजकांना हे दाखवल्यावर पुढच्या छपाईत दुरुस्ती करू असे ते म्हणाले. तोवर माझ्या कार्डावरची ती ओळ मी पेनाने खोडली आहे आणि खाली ‘पट्टे कुठून सुरू होतात ते पाहा’ असे लिहून ते गोठ्याच्या दाराला लावले आहे.