गाडीतली सोनोग्राफी आणि कानातल्या मॅडम : सात-आठ महिन्यांनंतर

मी एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. घाटकोपर, चेंबूर, मानखुर्द हा आमचा मुंबईतला पट्टा. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गाडीत टॅबलेटला जोडायचा, मुठीत मावणारा सोनोग्राफी प्रोब आला. पडद्यावर जे दिसतं ते त्याच क्षणी कॅज्युअल्टीत बसलेल्या इमर्जन्सीच्या मॅडमना दिसतं आणि त्या माझ्या कानात बोलतात. "घ्यावं का रे आम्हीपण?" असं बरेच मित्र विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

कल्पना तशी जुनी आहे. वीसेक वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जुजबी प्रशिक्षण घेतलेल्या अंतराळवीरांनी एकमेकांची सोनोग्राफी केली. हात कुठे न्यायचा ते जमिनीवरचे तज्ज्ञ सांगत होते. स्कॉटलंडच्या दुर्गम भागातही उपग्रहाच्या मदतीने अ‍ॅम्ब्युलन्समधून चित्रं पाठवून पाहिली गेली. तिथे अडचण अंतराची. आमच्याकडे हॉस्पिटल चार-पाच किलोमीटरवर असतं, पण संध्याकाळी अमर महल जंक्शनला अडकलात की तेवढंच अंतर संपता संपत नाही. गाडी रांगेत उभी असताना हातात जो वेळ मिळतो, त्यात हा प्रोब कामाला येतो.

सगळ्यात जास्त उपयोग कशात झाला? अपघातात होईल असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात झाला तो रात्री दोन-तीन वाजता धाप लागलेल्या आजी-आजोबांसाठी. दमाही आहे, हृदयही मोठं आहे, बिडी पन्नास वर्षं ओढलेली आहे, पाय सुजलेत आणि छातीत शिट्ट्या वाजतायत. स्टेथोस्कोप इथे दमा आणि हृदय, दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. प्रोब छातीवर ठेवला आणि बरगड्यांच्या एका फटीत तीन किंवा जास्त उभ्या पांढऱ्या रेघा, म्हणजे बी-लाइन्स, दिसल्या, त्याही दोन्ही बाजूंना आणि एकाहून जास्त जागी, तर फुप्फुसात पाणी असण्याची शक्यता बळावते. मग नेब्युलायझरवर वेळ न घालवता बीपी बघून नायट्रोग्लिसरीन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र), लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध). न्यूमोनियातही अशा रेघा दिसतात, म्हणून नुसत्या चित्रावर जाऊ नये. मॅडम दर वेळी आधी बीपी आणि ईसीजी विचारतात.

अपघाताच्या पेशंटला ई-फास्ट करतो, म्हणजे पोटात-छातीत रक्त किंवा हवा साठलीय का हे बघणारी झटपट सोनोग्राफी. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली जागा, प्लीहेच्या बाजूची, ओटीपोट, हृदयाभोवती आणि मग दोन्ही फुप्फुसं. रक्त दिसलं तर जवळचं नर्सिंग होम सोडून थेट जिथे सर्जन आणि ओटी तयार आहे तिथे गाडी वळवायची. दिसलं नाही तर? तर काहीच ठरत नाही. पोटात साधारण दोनशे मिलिलिटरहून कमी रक्त असेल तर ते सहसा दिसत नाही आणि पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्राव तर या तपासणीत बहुधा सापडतच नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' हे वाक्य नातेवाइकांसमोर गाडीत उच्चारायचंच नाही, असं आमचं ठरलंय. ते ऐकून लोक उतरवून घरी न्यायच्या गोष्टी करायला लागतात.

आता मॅडमबद्दल. मला वाटलं होतं, त्यांचं काम चित्र वाचणं. ते त्या करतातच, पण त्यांचं खरं मोल थांबवण्यात आहे. हातात प्रोब असला की माणसाला हाव सुटते. प्लीहा नीट दिसत नाहीये, अजून जरा सरकवून बघू, अजून जरा. त्यावर कानात येतं, "सोड आता. मिळालं तेवढं पुरे. सलाइनची लाइन लागली का? मग निघा." हे गाडीतल्या गाडीत कोणी बोलू शकत नाही, कारण तिथे सगळेच पडद्याकडे बघत असतात. हृदय थांबलेल्या पेशंटला तर हे जास्तच लागू आहे. नाडी बघायला छाती दाबणं दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबवायचं नाही. आम्ही तेवढ्यात हृदयाची क्लिप घेतो आणि प्रोब उचलतो, दाबणं लगेच सुरू होतं. क्लिप मॅडम तिकडे निवांत बघतात आणि सांगतात. याच एका कारणासाठी मी दूरवरून देखरेख असलेली सोय घ्यायला सांगेन, नुसता प्रोब नाही.

बोलण्याची भाषा ठरवायला मात्र महिना गेला. "थोडं वर" म्हणजे डोक्याकडे की छताकडे? आता आमचे शब्द पक्के आहेत : डोक्याकडे, पायाकडे, फॅन कर (प्रोब जागेवरच पंख्यासारखा झुकव), फिरव, दाब. सायरन चालू असताना निम्मं ऐकू येत नाही, म्हणून त्या पडद्यावरच बाण काढून दाखवतात. तो बाण या सगळ्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

प्रोब कुठे धरलाय ते मॅडमना दिसावं म्हणून छताला दुसरा कॅमेरा आहे. सुरुवातीला लागतो, हात बसल्यावर फारसा नाही, आणि तो अपलोड खातो. मुंबईत डाउनलोड बरा मिळतो. चित्र पाठवायला लागतो तो अपलोड, आणि गर्दीच्या वेळी तोच मार खातो. फ्रीवेच्या बोगद्यात आणि काही गल्ल्यांत चित्र गोठतं. गोठलेलं चित्र धोकादायक, कारण फुप्फुस सरकतंय की नाही हे हलत्या चित्रावरच कळतं. अडकलेल्या चित्रात निरोगी फुप्फुससुद्धा न्यूमोथोरॅक्ससारखं (फुप्फुसाबाहेर हवा साठल्यासारखं) भासू शकतं. त्यामुळे रेंज डळमळली की आम्ही थेट प्रक्षेपण बंद करून छोटी क्लिप पाठवतो. नातेवाइकांना त्या कॅमेऱ्याचं काय वाटतं तेही बघायला हवं. "डॉक्टर, शूटिंग कशाला करताय?" हा प्रश्न ठरलेला. आधी दोन वाक्यांत सांगितलं तर कोणी अडवत नाही, सांगितलं नाही तर आवाज चढतो.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये प्रोब तापतो आणि आपोआप बंद पडतो. एसीच्या झोताजवळ ठेवा. स्पिरिटने पुसू नका, पुढचं रबर खराब होतं.

कागदपत्रं हा या वस्तूचा सर्वांत जड भाग. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला, मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला, आणि २०१२ च्या नियमांनी हलवता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधनं घातली. म्हणजे प्रोब खिशात टाकून चाळीचे तीन मजले चढायचे, हे इथे चालत नाही. आमच्याकडे गाडीचा नंबर, यंत्राचा सिरिअल नंबर आणि डॉक्टरांची नावं नोंदलेली आहेत. टेक्निशियन कितीही तरबेज असला तरी प्रोब धरत नाही. विदेशातले पॅरामेडिक जे करतात ते बघून हुरळून प्रोब घेऊ नका, आधी पालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. गरोदर स्त्रीची तपासणी कायद्याने बंद नाही, पण प्रत्येक वेळी फॉर्म एफ (या कायद्याखालचा तपासणीच्या नोंदीचा फॉर्म) लागतो, म्हणून आमच्या व्यवस्थापनाने गाडीत ती करायचीच नाही असं ठरवलं. कायदा का आला ते मला माहीत आहे आणि तो हवाच. पण गर्भनलिकेतला गर्भ फुटून पोटात रक्त साठलेल्या बाईला या प्रोबचा जेवढा उपयोग होईल तेवढा क्वचितच कुणाला होईल, आणि नेमकी तीच आमच्या यादीतून बाहेर आहे. हा निर्णय मला पटलेला नाही.

आणखी एक. चित्र आमच्या मॅडमनी पाहिलेलं असतं, पण पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात उतरवला की तिथे बऱ्याचदा सगळं पहिल्यापासून. एके ठिकाणी तर टॅबलेटकडे बघायलाही कोणी तयार नव्हतं. आता आम्ही निघतानाच फोन करून "पोटात रक्त आहे, बीपी इतकं, पोचायला इतकी मिनिटं" एवढंच सांगतो. क्लिपपेक्षा त्या फोनने दारं लवकर उघडतात.

घ्यावं का? चोवीस तास हेडसेट लावून बसणारा सीनियर तुमच्याकडे असेल तर घ्या. नसेल तर ते पैसे सीपॅप आणि चांगल्या सक्शनवर घाला. आमचं वर्गणीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. छतावरच्या कॅमेऱ्याचं पॅकेज वगळून दोन सिमचा राउटर मागितलाय.